जबड्याची शस्त्रक्रिया : निर्णयाआधीचा हिशेब

पुढील प्रसंग कोणा एका घरचा नाही. परंतु आपल्यापैकी अनेकांना तो परिचयाचा वाटेल. मुलगी शिकलेली, हिशेबात चोख, दुकानाच्या जीएसटीचा सारा व्याप सांभाळणारी. तिचा खालचा जबडा थोडा पुढे आलेला आहे. पुढचे दात एकमेकांवर नीट बसत नाहीत. दोन स्थळे कारण न सांगता मागे फिरली. मग एखाद्या लग्नघरी आत्याबाईंना कोणीतरी सांगते, "आता जबडा मागे सरकवता येतो. महिन्याभरात मुलगी ओळखू येणार नाही!" रात्री घरी चर्चा सुरू होते. चातुर्मास संपल्यावरच्या मुहूर्ताआधी हे उरकेल का, असे आई विचारते. वडील खर्चाचा अंदाज घेतात. आजी म्हणते, "हाड कापायचे? नको रे बाबा!" मुलीला काय वाटते, हे मात्र बहुधा सर्वांत शेवटी विचारले जाते.

या चर्चेत मुख्य प्रश्न एकच असतो: ही शस्त्रक्रिया सुरक्षित आहे का? वाचकहो, याचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' अशा एका शब्दात देणे योग्य होणार नाही. योग्य रुग्ण, अनुभवी हात आणि पुरेसा वेळ या तीन गोष्टी जुळल्या, तर ही शस्त्रक्रिया आज बरीच सुरक्षित मानली जाते आणि तिच्यामुळे अनेकांचे खाणे, बोलणे व झोप सुधारली आहे. पण ती हाडाची मोठी शस्त्रक्रिया आहे, आणि तिचे काही परिणाम आयुष्यभर सोबत राहू शकतात. म्हणून जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू समोर मांडूनच निर्णय घ्यावा.

शस्त्रक्रिया म्हणजे नेमके काय?

वैद्यकात या शस्त्रक्रियेला 'ऑर्थोग्नॅथिक सर्जरी' म्हणतात. ग्रीक भाषेत 'ऑर्थोस' म्हणजे सरळ आणि 'ग्नॅथोस' म्हणजे जबडा. दातांना तारा लावून दात हलवता येतात, पण वाढ पूर्ण झाल्यावर जबड्याचे हाड तारांनी पुढे-मागे सरकत नाही. दोष हाडाच्या लांबीत किंवा जागेत असेल, तर हाडच कापून योग्य ठिकाणी बसवावे लागते.

वरच्या जबड्यासाठी दातांच्या मुळांच्या वर, नाकाच्या खाली आडवा छेद घेतात. या छेदाला 'ले फोर्ट एक' असे नाव आहे. 1901 साली फ्रान्समधील शल्यचिकित्सक रने ले फोर्ट यांनी चेहऱ्याची हाडे आघाताने कोणत्या रेषांवर मोडतात याचे वर्णन केले. त्यांतील सर्वांत खालच्या रेषेवरून हे नाव आले. खालच्या जबड्याचा मागचा भाग दोन्ही बाजूंना उभा चिरतात. वहीची दोन पाने एकमेकांवरून सरकावीत, तसे हाडाचे दोन थर सरकवून जबडा पुढे किंवा मागे घेता येतो. ही पद्धत झुरिच येथील शल्यचिकित्सक ह्यूगो ओब्वेगेसर यांनी 1950 च्या दशकात रूढ केली आणि 1957 साली ती इंग्रजी वैद्यकीय साहित्यातून जगभर पोचली. 1970 साली त्यांनी दोन्ही जबड्यांवर एकाच वेळी केलेल्या शस्त्रक्रियेची माहिती प्रसिद्ध केली. त्याही पूर्वी, 1849 साली, अमेरिकेतील व्हीलिंग गावच्या सायमन हलिहेन यांनी भाजल्याच्या व्रणाने विद्रूप झालेल्या एका तरुणीच्या खालच्या जबड्यावर केलेली शस्त्रक्रिया या शाखेतील पहिली नोंद मानतात. म्हणजे हा कालपरवाचा प्रयोग नाही.

बहुतेक सर्व छेद तोंडाच्या आतून घेतले जातात, त्यामुळे चेहऱ्यावर व्रण जवळजवळ राहत नाहीत. क्वचित गालावर लहानसे छिद्र घ्यावे लागते. हाड नव्या जागी टायटॅनियमच्या लहान पट्ट्या व स्क्रूंनी बसवतात. पूर्वी वरचे व खालचे दात सुमारे सहा आठवडे तारेने घट्ट बांधून ठेवीत. "तोंड शिवून टाकतात" ही जुन्या लोकांची भीती तेथून आली आहे. आता बहुतेक ठिकाणी रबराच्या लहान कड्यांनी काम भागते आणि रुग्णाला थोडे तोंड उघडता येते.

गरज कोणाला?

पुढचे दात मिटतच नसल्याने ज्याला भाकरीचा तुकडाही तोडता येत नाही, चुकीच्या चाव्यामुळे ज्याच्या दाढा झिजत आहेत, जन्मतः टाळू दुभंगलेली असल्याने ज्याचा वरचा जबडा खुंटला आहे, अपघातानंतर ज्याचा चेहरा एका बाजूला झुकला आहे, त्याला या शस्त्रक्रियेचा लाभ स्पष्ट असतो. झोपेत वारंवार श्वास अडणाऱ्या काही रुग्णांमध्ये दोन्ही जबडे पुढे घेतल्याने जिभेमागील श्वासाचा मार्ग मोकळा होतो.

केवळ चेहऱ्याच्या ठेवणीसाठी शस्त्रक्रिया करून घेणे चुकीचे आहे, असे कोणी म्हणू नये. आरशात रोज दिसणाऱ्या चेहऱ्याचे दुःख खरे असते. परंतु अशा वेळी जमेची बाजू मोजणे अवघड होते. खाता येत नव्हते, आता येते, हा लाभ निश्चित सांगता येतो. चेहरा इतरांना अधिक आवडेल, हे कोणताही शल्यचिकित्सक खात्रीने सांगू शकत नाही.

वेळेचा हिशेब

घरोघरी सर्वांत मोठा गैरसमज वेळेबद्दल असतो. प्रत्यक्ष शस्त्रक्रिया काही तासांची आणि रुग्णालयातील मुक्काम साधारण दोन ते चार दिवसांचा. एवढे ऐकून लोक महिन्याभराची गोष्ट करतात. वास्तविक संपूर्ण उपचाराला बहुधा दोन ते तीन वर्षे लागतात. आधी तारा लावून दात जबड्याच्या हाडावर योग्य कोनात उभे करावे लागतात, त्याला साधारण वर्ष ते दीड वर्ष लागते. नंतर शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर पुन्हा काही महिने तारा. निवडक रुग्णांमध्ये आधी शस्त्रक्रिया आणि मग तारा असा क्रम घेतात, पण तो सर्वांना लागू पडत नाही.

आणखी एक गोष्ट आधी कळली तर पुढचा मनस्ताप टळतो. जबडा वाकडा असला तरी दात आपोआप तिरके होऊन तो दोष थोडाफार झाकतात. तारांनी दात सरळ होताच हे झाकण जाते आणि शस्त्रक्रियेआधीचे काही महिने चेहऱ्यातील दोष पूर्वीपेक्षा अधिक दिसतो. हे उपचाराचे अपयश नव्हे, ती त्यातील अपेक्षित पायरी आहे. ज्या घराने मुहूर्त ठरवून उपचार सुरू केले, त्या घराला याच काळात पाहुण्यांसमोर बसायची वेळ येते.

वयाचेही तसेच. वाढ पुरी होण्याआधी हाड सरकवले, तर उरलेली वाढ केलेले काम बिघडवू शकते. मुलींची वाढ साधारणतः पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत आणि मुलांची सतरा-अठराव्या वर्षापर्यंत बरीचशी होते. खालचा जबडा अधिक वाढणाऱ्यांमध्ये मात्र ती पुढेही चालू राहते. म्हणून काही महिन्यांच्या अंतराने कवटीचे बाजूचे एक्स-रे काढून, वाढ थांबल्याची खात्री करूनच तारीख ठरवतात.

धोक्याची बाजू

धोक्यांचे तीन गट केले, तर समजायला सोपे जाते.

पहिला गट जवळजवळ सर्वांना अनुभवावा लागणारा आणि तात्पुरता. चेहऱ्यावर मोठी सूज येते. ती दोन-तीन दिवस वाढते, काही आठवड्यांत बरीच उतरते. उरलेली पूर्ण ओसरायला सहा महिने ते वर्ष लागू शकते. नाक चोंदते, मळमळ होते, तोंड कमी उघडते, वजन काही किलो उतरते. पहिल्या काही आठवड्यांत मन खिन्न होते. आरशातील चेहरा आपला वाटत नाही, आणि "हे उगाच केले" असा विचार अनेकांच्या मनात येऊन जातो. घरच्यांनी या दिवसांत चेहऱ्याबद्दल भाष्य करू नये. सोबत बसावे.

दुसरा गट कमी जणांना होणारा, परंतु टिकून राहू शकणारा. त्यात सर्वांत महत्त्वाची आहे खालच्या ओठाची व हनुवटीची बधिरता. खालच्या जबड्याच्या हाडातूनच संवेदनेचा मज्जातंतू जातो, आणि हाड चिरताना तो ताणला जातो. शस्त्रक्रियेनंतर लगेच बहुतेकांना हा भाग बधिर लागतो. बरेच जण सहा महिने ते वर्षभरात सावरतात, पण काहींमध्ये कमीअधिक बधिरता किंवा मुंग्या कायम राहतात. हे प्रमाण वयानुसार वाढते. विशीत तंतू लवकर सावरतो, चाळिशीनंतर तितका सावरत नाही. ओठाची हालचाल करणारा तंतू वेगळा असल्याने हसणे-बोलणे सहसा बिघडत नाही; परंतु ओठावर ओघळलेले पाणी जाणवत नाही, गरम घोटाचा अंदाज येत नाही. ज्यांना हा त्रास कायम राहतो, त्यांतील बरेच जण तो सोसून समाधानी असतात. काहींना मात्र तो रोज खुपतो.

याच गटात जंतुसंसर्ग, पट्टी किंवा स्क्रूच्या त्रासामुळे ती काढावी लागणे, हाड ठरल्याप्रमाणे न चिरता वेगळे तुटणे, आणि जबडा काही अंशी जुन्या जागेकडे परतणे यांचा समावेश होतो. वरचा जबडा रुंद करण्याची शस्त्रक्रिया या बाबतीत सर्वांत कमी स्थिर समजली जाते. काही रुग्णांमध्ये, विशेषतः लहान व मागे असलेला जबडा पुढे घेतलेल्या तरुणींमध्ये, कानाजवळील सांध्याचे हाड हळूहळू झिजते आणि चावा पुन्हा उघडतो. सांध्यात आधीपासून दुखणे किंवा आवाज असेल, तर ते लपवू नये. वरचा जबडा हलवल्याने नाक थोडे रुंद होऊ शकते किंवा त्याचे टोक वर उचलले जाते. खालचा जबडा खूप मागे घेतल्यास जिभेची जागा कमी होऊन श्वासमार्ग अरुंद होऊ शकतो. म्हणून अनेक शल्यचिकित्सक केवळ खालचा जबडा मागे न घेता वरचाही थोडा पुढे घेतात.

तिसरा गट विरळ, पण गंभीर. मोठा रक्तस्राव, श्वासमार्गातील अडथळा, वरच्या जबड्याचा रक्तपुरवठा खंडित होणे, दृष्टीला इजा, भुलीतील गुंतागुंत आणि मृत्यू. निरोगी तरुण रुग्णात हे अत्यंत क्वचित घडते. पण ते क्वचित घडते म्हणूनच शस्त्रक्रिया कोठे होते, याला महत्त्व येते. अतिदक्षता विभाग, रक्ताची सोय आणि रात्री हजर राहणारा भूलतज्ज्ञ असलेले रुग्णालय असा प्रसंग निभावून नेते. एखाद्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरील खोलीत ते शक्य नसते.

धोका आपल्या हाती किती?

ही शस्त्रक्रिया मुख व जबड्याच्या शल्यचिकित्सेत एम.डी.एस. झालेले मॅक्सिलोफेशियल सर्जन करतात, आणि दातांच्या तारांचे काम ऑर्थोडॉन्टिस्ट पाहतात. दोघांनी पहिल्या दिवसापासून एकत्र बसून आराखडा केला पाहिजे. आपल्याकडे मुंबईचे शासकीय दंत महाविद्यालय व नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय, तसेच नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये या ठिकाणी या शल्यशाखेचे विभाग आहेत. खाजगी ठिकाणी जायचे असले, तरी दुसरे मत घेण्यासाठी त्यांचा उपयोग करून घ्यावा.

काही गोष्टी घरातच ठरतात. तंबाखू आणि धूम्रपानामुळे जखम व हाड भरून येण्यास विलंब लागतो. सुपारीची सवय तर अधिक घातक; तिच्यामुळे तोंडाच्या आतील आवरण कडक होऊन तोंड उघडेनासे होते, मग भूल देणे आणि शस्त्रक्रिया दोन्ही अवघड होतात. गल्ल्यावर बसल्या बसल्या सुपारी चघळणाऱ्या तरुणांनी हे ध्यानात घ्यावे. रक्त पातळ करणारी औषधे, हाडांच्या ठिसूळपणावरील इंजेक्शने, एवढेच नव्हे तर आयुर्वेदिक काढे व चूर्णेही डॉक्टरांना सांगावीत.

आपल्या आहारामुळे एक तपासणी विशेष महत्त्वाची ठरते. शाकाहारी कुटुंबांमध्ये ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता बरीच आढळते. भुलीसाठी वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड हा वायू या जीवनसत्त्वाला निष्क्रिय करतो, आणि आधीच कमतरता असलेल्या व्यक्तीच्या मज्जातंतूंना त्यामुळे इजा होऊ शकते. म्हणून हिमोग्लोबिनबरोबर ब-12 आणि ड जीवनसत्त्वही तपासून घ्यावे आणि अहवाल भूलतज्ज्ञांना दाखवावा.

आहार, व्रत आणि अहिंसा

शस्त्रक्रियेनंतर पहिले एक-दोन आठवडे केवळ पातळ आहार आणि त्यानंतर साधारण सहा आठवड्यांपर्यंत न चावता खाता येईल असा मऊ आहार घ्यावा लागतो. कंदमुळे वर्ज्य असली तरी अडचण येत नाही. मुगाचे कढण, गाळलेली तूरडाळ, तांदळाची पेज, दुधी व टोमॅटोचे गाळलेले सूप, दूध, ताक, नाचणीची आंबील हे सारे चालते. प्रथिने कमी पडू नयेत, यासाठी डाळ व दुधाचे प्रमाण वाढवावे.

प्रश्न येतो तो रात्रीचा. पहिल्या दिवसांत एका वेळी थोडेच घेता येते, म्हणून दर दोन-तीन तासांनी काहीतरी पोटात जावे लागते, आणि औषधांच्या वेळा सूर्यास्ताकडे पाहत नाहीत. ज्यांचा चौविहाराचा नियम आहे, त्यांनी शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांशी वेळापत्रक ठरवावे आणि आपल्या गुरुमहाराजांचे मार्गदर्शन घ्यावे. प्रत्याख्यानात आजारपणासाठी आगार असतात, हे जाणकार श्रावकांना सांगायला नको. पर्युषणात उपवास करण्याचा संकल्प असेल, तर शस्त्रक्रियेची तारीख त्यापासून पुरेशी दूर ठेवावी. हाड भरून येण्याच्या काळात दीर्घ उपवास हितकारक नाही.

साहित्याबद्दलही आधी विचारता येते. रक्त थांबवण्यासाठी वापरले जाणारे काही स्पंज जिलेटिनचे किंवा प्राण्यांच्या कोलॅजनचे असतात, हाडावर लावायचे मेण मधमाशांच्या मेणापासून करतात, कॅटगट नावाचा टाक्याचा धागा प्राण्यांच्या आतड्यापासून बनतो आणि काही वेळा हाडाची भर गाईच्या हाडापासून तयार केलेली असते. टाक्यांसाठी कृत्रिम धागा सर्रास मिळतो. हाडाची भर लागलीच तर रुग्णाचे स्वतःचे हाड वापरता येते. आपली भावना शल्यचिकित्सकांना लेखी कळवली, तर शक्य तेथे ते पर्याय निवडतील. मात्र रक्तस्राव थांबवण्याच्या क्षणी त्यांचे हात बांधलेले राहणार नाहीत, एवढी मोकळीक त्यांना द्यावी.

खर्च आणि कागदपत्रे

सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया आरोग्यविम्यातून सामान्यतः वगळलेली असते. दंतोपचारांनाही अनेक पॉलिसींमध्ये मर्यादा असते. अपघातानंतरचे पुनर्निर्माण किंवा वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार असतील, तर तज्ज्ञांचे तसे प्रमाणपत्र जोडून विमा कंपनीची पूर्वमंजुरी लेखी घ्यावी. तोंडी आश्वासनावर माल उचलू नये, हे आपल्याला ठाऊकच आहे. खर्च ठरवताना तारा, तपासण्या, भूल, पट्ट्या आणि पुढे पट्टी काढावी लागल्यास येणारा खर्च, सारे वेगवेगळे लिहून घ्यावे.

संमतिपत्रावर सही करण्याआधी रुग्णाने स्वतः काही प्रश्न विचारावेत. अशा किती शस्त्रक्रिया आपण स्वतः केल्या आहेत? माझ्या वयात ओठ बधिर राहण्याची शक्यता किती? काही न केल्यास माझे काय बिघडेल? केवळ तारांनी भागेल का? निकाल समाधानकारक न आल्यास पुढे काय? जे डॉक्टर या प्रश्नांना शांतपणे उत्तरे देतात आणि धोक्याचा विषय स्वतःहून काढतात, त्यांच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. "काहीच होत नाही" असे जे म्हणतात, त्यांच्याकडून उठून यावे.

घरी परतल्यावर विशेष लक्ष ठेवावे. श्वास घेताना त्रास, न थांबणारे रक्त, ताप, पू, किंवा काल जुळणारा चावा आज अचानक न जुळणे, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट पाहू नये.

आता पुन्हा त्या रात्रीच्या चर्चेकडे वळू. आईची घाई, वडिलांची चिंता आणि आजीची भीती, तिन्ही प्रेमातूनच आलेली आहेत. परंतु बधिर ओठ राहिला तर तो मुलीचा राहील, पुढची दोन-तीन वर्षे तिची जातील. म्हणून पहिला प्रश्न तिलाच, एकटीला, घाई न करता विचारावा: "तुला खाताना, बोलताना, झोपताना त्रास होतो का? तुला हे स्वतःसाठी हवे आहे का?" ती "होय" म्हणाली, तर घराने तिच्या पाठीशी उभे राहावे आणि लग्नाचा विषय उपचार पुरे होईपर्यंत बाजूला ठेवावा. ती "नाही" म्हणाली, तर तो निर्णय तितक्याच आदराने स्वीकारावा, आणि पुढच्या स्थळाला ती जशी आहे तशीच दाखवावी.